पंचनदीकरांचे घरगुती चेक

गुरुनाथ पंचनदीकर चिडला की आधी त्याचे कान लाल होतात, मग नाक. नाक लाल झालं की त्याची बायको रेणू मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. पण त्या दिवशी बँकेच्या काउंटरवर रेणू नव्हती आणि जायला दुसरी खोलीही नव्हती. होती ती फक्त डेबी. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या त्या शाखेत डेबी अठरा वर्षं हसतमुखाने काम करत होती. हसतमुख माणसाशी भांडण्याइतका मनस्ताप जगात दुसरा नाही, हे गुरुनाथला या तिसऱ्या खेपेला कळून चुकलं होतं.

"हे बघ," त्याने चेकचा खोका तिच्यापुढे आपटला. "हे माझं नाव नाही."

खोक्यातल्या प्रत्येक चेकवर लोकरीच्या गुंड्याशी खेळणारी मांजरीची तीन पिल्लं होती. पिल्लं गुरुनाथने मागवलेलीच नव्हती, पण ते दुःख त्याने गिळलं होतं. डाव्या कोपऱ्यातलं नाव मात्र गिळण्यासारखं नव्हतं. तिथे इंग्रजीत छापलं होतं, ‘गुरुनाथ व्ही पंचनाद’. एखाद्या संगीत विद्यालयाच्या पाटीवर शोभावं असं. आणि खात्यात दोघांची नावं असल्यामुळे खालच्या ओळीत ‘रेणू पंचनदीकर’. अख्खं. अक्षर न् अक्षर जागच्या जागी.

"सर, एका ओळीत वीसच अक्षरं बसतात," डेबी म्हणाली. "मधला व्ही काढला तर आणखी दोन बसतील."

"तो व्ही माझा बाप आहे!"

"ओह, आय ॲम सो सॉरी," डेबी म्हणाली. बाप वारला असं तिला वाटलं असावं. "पण पंचनाद इज सच अ प्रिटी नेम."

तीनदा बावीस डॉलर भरून तीनदा आलेलं ते प्रिटी नेम काखोटीला मारून गुरुनाथ घरी आला. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण त्याने पायाने उघडलं आणि मांजरीच्या पिल्लांसकट अख्खा खोका आत फेकला. "यापुढे," त्याने जाहीर केलं, "माझे चेक मी घरी छापणार."

रेणूने पोळी उलटली. रेणू पुण्याची, शिकलेली फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आल्यामुळे सहा वर्षांत तिला इथे एक डॉलर मिळवायची परवानगी नव्हती. सहा वर्षं ती घरातल्या आणि शेजारपाजारच्या माणसांच्या पाठी फुकट ठीक करत होती. गावातल्या एका दवाखान्याने तिला नोकरी देऊ केली होती, वर्षअखेरीपर्यंत थांबायलाही ते तयार होते. अडलं होतं ते परवान्यावर, आणि परवाना ग्रीन कार्डाच्या अर्जावर. अशा बाईला चेकवर नाव कसं छापलंय याचा राग येत नाही, कारण तिच्याकडचा सगळा राग आधीच दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

गुरुनाथकडे हिशेबाचं एक सॉफ्टवेअर होतं. खोक्यावरची पट्टी कापून पाठवली की सगळे पैसे परत, म्हणून घेतलेलं. पैसे परत आले ते ‘गुरुनाथ पंचनाडी’ या नावाच्या चेकने, तो राग वेगळा. त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेक छापा’ असं एक बटण होतं. गेली दोन वर्षं ते बटण त्याची वाट बघत होतं, असं आता त्याला वाटू लागलं.

बातमी भिंतीपलीकडे जायला वेळ लागला नाही. भिंतीपलीकडे नागपूरचा विनय राहायचा. कोणी सल्ला विचारायची वाट तो कधी बघत नसे.

"काय करून राहिला बे तू गुरुभाऊ? चेक कोणी घरी छापते का? पोलीस येतील न!"

"कायदेशीर आहे. मी वाचलंय."

"वाचलं ते ठीक. पण इंकजेटवर छापशील तर फसशील. खालची आकड्यांची ओळ असते ना, तिला लोहचुंबकवाली शाई लागते. बँकेचं मशीन ती ओळ डोळ्यांनी नाही वाचत, चुंबकानं वाचते."

हे खरं निघालं. विनयचा सल्ला खरा निघाला की गुरुनाथला दुप्पट राग येत असे. मग जुना लेझर प्रिंटर घेणं आलं, चुंबकी शाईचं नळकांडं मागवणं आलं आणि एका पानावर तीन चेक निघतील असा निळसर संगमरवरी नक्षीचा कोरा कागदही आला. बावीस डॉलर वाचवण्यासाठी तीनशे गेले, एवढंच रेणू म्हणाली आणि तेही एकदाच. "पैशाचा प्रश्नच नाही," गुरुनाथ म्हणाला. पैसे गेल्यावर माणूस हे वाक्य हमखास म्हणतो.

पहिल्या दिवशी नाव सहीच्या जागी छापलं गेलं आणि रक्कम दोन चेकांच्या मधल्या रेघेवर. दुसऱ्या दिवशी सगळं अर्धा इंच वर सरकलं आणि पाणीपट्टीवाल्यांचं नाव कागदाबाहेर गेलं. तिसऱ्या दिवशी गुरुनाथने साध्या कागदावर छापून, तो कोऱ्या चेकवर ठेवून, दोन्ही खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघायची युक्ती काढली. रस्त्यावरून कुत्रं फिरवणाऱ्या शेजारणीला रोज तोच माणूस खिडकीला कागद लावून उभा दिसायचा. तिने एकदा हात हलवला, मग रस्ता बदलला.

खरी कटकट होती ती उरलेल्या कागदाची. पानावर तीन चेक, पण बिल एकच द्यायचं असेल तर वरचा फाडून उरलेलं आखूड पान पुन्हा प्रिंटरमध्ये घालायचं. आखूड पान प्रिंटरला आवडत नसे. ते आत जाऊन दुमडायचं आणि अडकायचं. मग गुरुनाथ प्रिंटरच्या पोटात हात घालून कोपरापर्यंत काळा व्हायचा. विनय म्हणाला, "तीनही चेक एकदम छाप ना भाऊ." म्हणजे तीन बिलं साठेपर्यंत थांबायचं, म्हणजे दोन बिलांना उशीर, म्हणजे दंड. दंड भरायचा चेक धरून मात्र पान बरोब्बर पुरं होत असे.

पण नाव! सॉफ्टवेअरने विचारलं, नावाचं अक्षर केवढं हवं? या देशात आल्यापासून हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. फोनवरच्या बायकांनी त्याला मिस्टर पी केलं होतं, ऑफिसातल्यांनी गॅरी. गुरुनाथने हवं तेवढं अक्षर घेतलं. ‘गुरुनाथ विश्वनाथ पंचनदीकर’, ठळक, एका ओळीत, कोपऱ्यापासून जवळजवळ तारखेपर्यंत. पहिला चेक नीट निघाला तेव्हा तो त्याने दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात आणला. घरात तेव्हा त्याची आईही होती. अहिल्याबाई सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या.

"तुझ्या बाबांचं नाव पूर्ण आलं रे गुरू," आई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"कूल," नऊ वर्षांची सिया म्हणाली. "बट बाबा, नोबडी रीड्स द नेम."

रेणूने चेक हातात घेतला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "माझं नाव कुठंय?"

खात्यात दोघांची नावं होती हे गुरुनाथला आठवलं. "ते… एवढ्या मोठ्या अक्षरात दोन ओळी बसत नव्हत्या. पुढच्या व्हर्जनमध्ये घालतो."

गुरुनाथ सॉफ्टवेअरमधला माणूस. पुढचं व्हर्जन कधी येतं हे त्याला चांगलं माहीत होतं, आणि लग्नाला अकरा वर्षं झाल्यामुळे रेणूलाही. चेक तिने ओट्यावर ठेवला आणि भाताला फोडणी घातली.

पाणीपट्टीचा चेक वटला. सियाच्या कराटेवाल्यांचाही वटला. भारतीय किराणा दुकानात मात्र अपमान झाला. दुकानाचे भाई गुरुनाथला सहा वर्षं ओळखत होते, आंबे आले की फोन करत होते. त्यांनी चेक उजेडात धरला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "गुरुभाई, आनो नंबर तो एकसो दो छे! काल खोललेल्या खात्याचा चेक आपण नाही घेत." मागे रांगेत महाराष्ट्र मंडळाच्या दोन काकू उभ्या होत्या. डाळ, तांदूळ आणि कोथिंबीर काउंटरवर ठेवून गुरुनाथ बाहेर आला. घरी आल्याबरोबर त्याने सॉफ्टवेअरमध्ये चेकचे नंबर सात हजार एकपासून सुरू केले. एका रात्रीत तो पन्नास वर्षांचा जुना खातेदार झाला. भाईंच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही अशी त्याने शपथ घेतली, आणि त्यामुळे तीन आठवडे घरात कोथिंबीर नव्हती.

मग त्या वर्षीचा, म्हणजे दोन हजार सातचा, जुलै आला आणि ग्रीन कार्डाच्या शेवटच्या अर्जाची खिडकी अचानक उघडली. सतरा ऑगस्टपर्यंत अर्ज पोचला तर पोचला. नाहीतर पुन्हा कधी, हे कोणी सांगू शकत नव्हतं. सगळे देशी लोक फोटो काढायला, लसी टोचून घ्यायला आणि जन्माचे दाखले शोधायला धावत सुटले. वकिलाने मागितलेले पैसे ऐकून गुरुनाथचे कान लाल झाले आणि त्याने अर्जही स्वतःच भरायचे ठरवले. तेही त्याने केले, आणि खरं सांगायचं तर नीट केले. पुठ्ठ्याएवढ्या जाडीचा गठ्ठा तयार झाला. राहिला होता फक्त तिघांच्या फीचा चेक.

"मनीऑर्डर करूया," रेणू म्हणाली. "पोस्टात पैसे भरले की चेकसारखी चिठ्ठी मिळते. दहा मिनिटांचं काम आहे."

"चेक चालतो. सूचनांमध्ये लिहिलंय."

"चेक चालतो. तुझा चालेल का?"

"माझा म्हणजे? पाणीपट्टीवाल्यांना चालला, कराटेवाल्यांना चालला—"

"गुरुनाथ, हे कराटे नाही." रेणूचा आवाज चढत नाही, उतरतो. "माझी सहा वर्षं आहेत त्या पाकिटात."

इथे शहाण्या माणसाने गाडीची किल्ली उचलली असती. पण गुरुनाथला वाटलं, या देशाच्या सरकारपुढे आपण पहिल्यांदाच मोठा अर्ज घेऊन उभे राहणार, तर ते मनीऑर्डरच्या तुकड्यावर नाव खरडून कशासाठी? पूर्ण नावानिशी उभे राहू, बापासकट. हे त्याने बोलून दाखवलं आणि आईंनी पुन्हा डोळ्यांना पदर लावला. पदरापुढे रेणूचं काही चालेना.

चेक छापला. सही केली. गठ्ठा पाकिटात घालण्याआधी देवापुढे ठेवायचा, हे कोणी ठरवावं लागलं नाही. इथली यच्चयावत मराठी घरं पासपोर्ट देवापुढे ठेवतात, गाडीची किल्ली ठेवतात, मग हा तर सगळ्या संसाराचा अर्ज. स्वयंपाकघरातल्या कपाटातच देवघर होतं. आईंनी निरांजन लावलं आणि कुंकू पाण्यात कालवून अनामिका बुडवली.

"आई, नावावर नको!" गुरुनाथ ओरडला. "सहीवरही नको!"

"मग कुठं लावू रे?"

"लाव ना कुठंतरी खाली!"

त्या बिचाऱ्या माउलीने खाली लावलं. आधी हळद, वर कुंकू, चांगलं ठसठशीत, अगदी तळाशी जी आकड्यांची ओळ होती तिच्या मधोमध. गुरुनाथचं सगळं लक्ष नावावर ओघळ येतो का इकडे होतं. तो आला नाही. मग खालचं जास्तीचं कुंकू त्याने शर्टाच्या बाहीने पुसलं. लाल पट्टा थोडा पसरला, काळी शाई थोडी बाहीला लागली. आकडे वाचता येत होते. माणसाला वाचता येत होते.

पाकीट गेलं, आणि परत आलं ते गुरुवारी, सोळा ऑगस्टला, दुपारी चार वाजता. गुरुनाथ त्या दिवशी घरून काम करत होता. वर पिवळी चिठ्ठी होती: चेक वटवता आला नाही, खालचे आकडे यंत्राला वाचता येत नाहीत, अर्ज दाखल करून घेतलेला नाही. उद्या सतरा. साडेपाचला कुरिअरचं ऑफिस शेवटची पाकिटं घेणार होतं, सकाळी पोचणारी.

गुरुनाथने पाकिटातून चेक काढला. नाव झळाळत होतं. खाली लाल डाग होता.

आता कान लाल झाले, नाक लाल झालं, मानही लाल झाली. तो सरकारवर ओरडला, चुंबकावर ओरडला, डेबीवर ओरडला, ज्या माणसाने एका ओळीत वीस अक्षरं ठरवली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि मग, सापडायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून, देवघरापुढे उभ्या असलेल्या आईवर ओरडला. "तुला कुणी सांगितलं होतं तिथं कुंकू लावायला?"

आई म्हणाल्या, "तूच."

एवढंच म्हणाल्या, आणि हातातली कुंकवाची कुयरी त्यांनी कपाटात सरकवून दार लावलं. गुरुनाथला आपली लाज वाटली. लाज वाटली की त्याला जास्तच राग येतो. तो तरातरा प्रिंटरकडे गेला. "पाच मिनिटांत नवा छापतो! माझाच चेक जाणार! बघू कोण परत पाठवतं!"

ट्रेमध्ये एक आखूड पान उरलं होतं. ते आत गेलं, दुमडलं आणि अडकलं. त्याने हात घालून ओढलं, ते फाटलं. झाकण उघडून नळकांडं काढलं, ते हातातून निसटून गालिच्यावर पडलं आणि बऱ्यापैकी मोठा काळा ढग उठला. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. गुरुनाथने प्रिंटरला लाथ मारली. प्रिंटरला काही झालं नाही.

"झालं तुझं?" रेणू दारात उभी होती. सिया दुसऱ्या खोलीत होती, पण रेणू या वेळी गेली नव्हती. "आईंवर पुन्हा ओरडलास तर मी काय करीन सांगता येत नाही. माझ्यावर ओरड. नाही, माझ्यावरही ओरडू नकोस. तुझं नाव, तुझं नाव! चार महिने या घरात दुसरं काही ऐकलं नाही मी. अकरा वर्षं तुझं आडनाव माझ्यामागे लावून फिरते आहे, इथे कोणालाच ते म्हणता येत नाही, मी काय केलं? गपचूप सांगत बसले, पी ॲज इन पुणे. आणि चेक छापलास तेव्हा तुझ्या बाबांना जागा होती, मला नव्हती."

गुरुनाथने हात शर्टाला पुसले. शर्ट काळा झाला, हात तसेच राहिले.

रेणू स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या मोठ्या डब्यात तिने हात कोपरापर्यंत घातला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी वर काढली. पिशवीत खोका होता. खोक्यावर एका कोपऱ्यात कांद्याची सालं चिकटून वाळली होती. खोक्यात मांजरीची पिल्लं होती.

"तू फेकलास त्याच दिवशी काढून ठेवला," ती म्हणाली. "यावर माझं नाव आहे."

तिने टेबलाशी बसून चेक लिहिला. फीचा आकडा तिला पाठ होता. आकडा, अक्षरी रक्कम, तारीख, सगळं निळ्या बॉलपेनने, पुण्याच्या शाळेत घटवलेल्या अक्षरात. सहीसुद्धा तिनेच केली. गुरुनाथचे दोन्ही हात काळे होते आणि त्याला कशालाही हात लावायची बंदी होती. वरच्या ओळीत गुरुनाथ व्ही पंचनाद, खालच्या ओळीत रेणू पंचनदीकर, आणि मधे लोकरीच्या गुंड्यात पाय अडकलेलं मांजराचं पिल्लू. आईंनी लांबूनच हात जोडले.

विनय गाडी चालू ठेवून दारात उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण भिंत पातळ होती. "बसा लवकर वहिनी! अन् गुरुभाऊ, तू राहा बे इथंच. सीट काळी होईल."

पाच वाजून वीस मिनिटांनी पाकीट गेलं. शुक्रवारी सकाळी पोचलं.

पुढचे सतरा दिवस गुरुनाथने एकदाही आवाज चढवला नाही. भाईंच्या दुकानात जाऊन त्याने रोख पैसे देऊन कोथिंबीर आणली. त्या उन्हाळ्यात आमच्या लोकांना एक गोष्ट पाठ झाली होती: अर्ज दाखल झाला की वटलेल्या चेकच्या पाठीवर अर्जाचे नंबर छापलेले येतात, पावती टपालाने यायच्या कितीतरी आधी. म्हणून जो तो रोज बँकेच्या वेबसाइटवर आपल्या चेकची पाठ बघत बसायचा. अठराव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी रेणूने कॉम्प्युटरवरून हाक मारली.

पाठीवर तीन नंबर होते. तिघांचे. म्हणजे तीनेक महिन्यांत रेणूच्या कामाचा परवाना येणार होता. तिने दवाखान्याला फोन लावला तेव्हा तिचा आवाज, गुरुनाथने पहिल्यांदाच ऐकलं, चढलेला होता. ती रडत होती की हसत होती ते त्याला कळलं नाही आणि या वेळी त्याने विचारलंही नाही.

प्रिंटर साफ करून नळकांडं परत बसवताना कोऱ्या चेकच्या कागदाचं एक अख्खं पान टेबलामागे पडलेलं सापडलं होतं. गुरुनाथने त्या निळसर संगमरवरी पानावर वटलेल्या चेकचं चित्र छापलं, पुढचं आणि मागचं. पान एका झटक्यात बाहेर आलं, कुठे दुमडलं नाही, अडकलं नाही. प्रिंटरकडे बघून त्याचे कान किंचित लाल झाले, पण त्याने राग आवरला आणि पान नेऊन देवघरापुढे ठेवलं.

आईंनी कपाट उघडून कुयरी काढली, कुंकू कालवलं आणि बोट हवेत धरलं. "कुठं लावू? आधी सांग बाबा."

गुरुनाथ वाकला. नाव शोधायला त्याला वेळ लागला नाही. त्याने मांजरांच्या डाव्या बाजूला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं," तो म्हणाला.

आईंनी तिथं लावलं, चांगलं ठसठशीत.

"आणि आता," मागून रेणू म्हणाली, "बाहीनं पुसू नकोस."

गुरुनाथने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि कुंकू वाळेपर्यंत तसाच उभा राहिला.